डाव सुमनताईंचा

निकम सरांच्या शोकसभेत तिघे बोलले आणि तिघांनीही त्यांना ‘शिस्तप्रिय व मनमिळाऊ’ म्हटलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, तुम्ही भलत्याच माणसाबद्दल बोलताय. शिस्तीचं आणि सरांचं कधी जमलं नाही, आणि मनमिळाऊपणाचं म्हणाल तर स्टाफरूममध्ये वाढदिवसाचा केक आला की हा माणूस प्रिंटर दुरुस्त करायच्या निमित्ताने सटकायचा. पण शोकसभेत खरं बोलायची पद्धत नाही, म्हणून गप्प बसले. त्याला आता वर्ष होत आलं. त्या गप्प बसण्याची रुखरुख काही जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नाशिक रोडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये आम्ही बावीस वर्षं बरोबर होतो. मी गणिताची, सर कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत. उंची बेताची, केस विरळ, अंगात कायम अर्ध्या बाहीचा बुशशर्ट आणि त्याचा खिसा उजवीकडे. डावीकडे नव्हे, उजवीकडे. मी पहिल्याच महिन्यात विचारलं, कारण मला अशा गोष्टी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. तर म्हणाले, “मिसेसनी लग्नानंतर पहिला शर्ट शिवला तेव्हा खिसा चुकून तिकडे लागला. मी म्हटलं, राहू दे. मग पुढचेही तसेच शिव म्हटलं, नाहीतर पहिल्याला वाईट दिसायचं.” हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने.

मशीन बंद पडलं असं ते कधी म्हणायचे नाहीत. “रुसलंय” म्हणायचे. मग समोर खुर्ची ओढून “बघू, काय म्हणतंय” असं पुटपुटत बसायचे. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम चुकला तर कुठे चुकला हे सांगायचे नाहीत. मागे उभे राहून फक्त “हं” म्हणायचे. त्या ‘हं’चे तीन प्रकार होते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पोरांना ते पाठ झालेले असायचे. पहिला, चूक वरती आहे. दुसरा, चूक खाली आहे. तिसरा, चूक तुझ्या डोक्यात आहे.

सर मूळचे सटाण्याकडचे, मुल्हेरचे. कॉलेजात शुद्ध पुस्तकी बोलायचे, पण घरी दोघं नवरा-बायको अहिराणीतच. जेलरोडला त्यांचं दोन खोल्यांचं घर, माझ्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. बाहेरच्या खोलीत सुमनताईंचा शिवणक्लास चालायचा. एका भिंतीला दोन शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला सरांचा कॉम्प्युटर, मध्ये दिवाण. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

आता ‘आडमुठी’बद्दल सांगायला हवं, कारण ती वगळली तर सर कळायचेच नाहीत.

कॉम्प्युटरला काम सांगायच्या भाषा असतात, हे हल्ली शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. जगात काही रिकामटेकडे लोक मुद्दाम छळवादी भाषाही बनवतात. असे तिरपागडे नियम घालतात की दोन आकड्यांची बेरीज करायलाही घाम फुटावा. उपयोग शून्य, निव्वळ गंमत. सरांनी अशा भाषांबद्दल कुठेतरी वाचलं आणि एकदा दुपारच्या चहाला बायकोला सांगितलं. आपला कॉम्प्युटर किती गुणी, सांगितलं की करतो, असंही कौतुक केलं. सुमनताई ब्लाउजला हूक लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हाई बी ऐकस, मी बी ऐकस.” हाही ऐकतो, मीही ऐकते. मग पुढे म्हणाल्या, एक तरी असं बनवा जे कुणाचंच ऐकत नाही. दहावी झालेली, अकरा माणसांच्या घरात सून म्हणून आलेली ही बाई. सरांना ते वाक्य लागलं. त्या दिवसापासून दोघांनी मिळून भाषा बनवायला घेतली. नाव सुमनताईंनीच ठेवलं, आडमुठी.

सुरुवातीलाच दोन करार झाले. एक म्हणजे नियम आळीपाळीने करायचे, एक डाव त्यांचा, एक सरांचा. पहिला डाव सुमनताईंचा. दुसरा करार सुमनताईंच्या शिलाईतून आलेला होता. एकदा केलेला नियम काढायचा नाही. “उसवलं की कापडाला भोकं राहतात,” त्या म्हणाल्या. “पुढे शिवा हवं तेवढं, पण उसवायचं नाही.” त्यांच्या क्लासच्या पोरींनाही हेच शिकवलेलं असायचं, कापायच्या आधी तीनदा मापा.

पहिला नियम त्यांचा. आडमुठीला हुकूम करायचा नाही, नात्याने हाक मारून सांगायचं. ‘ताई, हे लिहून ठेव.’ ‘मावशी, यात तीन मिळव.’ आणि लागोपाठ दोनदा एकाच नात्याला काम सांगितलं तर भाषा जागची हलत नाही, कारण एकाच बाईला किती राबवाल? दुसरा सरांचा, प्रोग्रॅम खालून वर वाचला जाईल. तिसरा त्यांचा, दुपारी दोन ते चार काही चालणार नाही. पडद्यावर फक्त ‘झोपले सगळे’ असं येईल. चौथा सरांचा, चूक झाली तर कुठे झाली हे सांगायचं नाही, नुसतं ‘चुकलंय, बघा तुमचं तुम्ही’. पाचवा त्यांचा, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं तर उत्तर मिळणार नाही. दोन आणि दोन चार, दिवसातून एकदाच. पुन्हा विचाराल तर ‘आत्ताच सांगितलं ना!’ सहावा सरांचा, शनिवारी भागाकार बंद, कारण आमच्याकडे शनिवारी वीज जायची. असं वर्षाला एखाद-दुसरा नियम करत गाडी पुढे चालली होती. प्रत्येक नियम जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेला, ज्याचा त्याने स्वतःच्या अक्षरात.

बेचा पाढा छापायला सरांना आडमुठीत नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे. मी म्हटलं, “सर, पाढा मला दहा सेकंदात येतो.” तर म्हणाले, “तुम्हाला येतो मॅडम. तिला यायला नको होता, तरी आला.”

एकदा कॉलेजच्या तपासणीला समिती आली. जेवणं आटोपून अडीचच्या सुमाराला पाहुणे प्रयोगशाळेत शिरले आणि त्यातल्या एकाची नजर कोपऱ्यातल्या मशीनवर गेली. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘झोपले सगळे’. प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुण्यांनी विचारलं, हे काय आहे? सर शांतपणे म्हणाले, “चारनंतर दाखवतो.” समिती चारपर्यंत थांबली नाही. सरांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्या खुलाशात त्यांनी आडमुठीचे त्या वेळेपर्यंतचे सगळे नियम क्रमवार लिहून दिले. प्राचार्यांनी तो कागद फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. निवृत्त होताना बरोबर घेऊन गेले, असं शिपाई सांगायचा.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? सुमनताईंच्या गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही होती. ती पावसात भिजली तेव्हा सरांनी सगळी मापं आडमुठीत भरली. तीनशेवर बायकांचे खांदे, छाती, बाह्या. आता आली का पंचाईत! कॉलनीतली एखादी बाई तीन वाजता ब्लाउज टाकायला यायची, “माप जुनंच ठेवा हो” म्हणायची, आणि सुमनताई पदराने तोंड झाकून हसत सांगायच्या, “चारनंतर या. आमची बाई झोपली आहे.” मी एकदा चिडून म्हटलं, अहो, साधी वही करा ना. त्या म्हणाल्या, “मॅडम, या घरात दुपारी झोपायचा हक्क मला तिच्यामुळे मिळाला.” सर कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

पुढे सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आडमुठी इंटरनेटवर टाकली. कुठकुठले लोक पत्रं पाठवायला लागले. एकाने वीस नवे नियम सुचवले, आणि खरं सांगायचं तर चांगले होते. सरांनी दोन ओळींत कळवलं की आभारी आहे, पण सध्या डाव मिसेसचा आहे.

सोळावा नियम सरांनी निवृत्तीच्या महिन्यात केला. डाव सुमनताईंकडे गेला आणि तिथेच राहिला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. हसण्यावारी गेलं. मग माप घेता घेता टेप हातात धरून त्या तशाच उभ्या राहायला लागल्या. क्लासच्या पोरी कुजबुजायला लागल्या, मग यायच्या बंद झाल्या. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, विसरण्याच्या त्या आजाराचं नाव कळलं. नाव कळून काय होतं? सुमनताई दिवसातून चाळीस वेळा विचारायच्या, “जेवण झालं का आपलं?” आणि सर चाळीस वेळा, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं तोंड करून, काय काय जेवलो ते सांगायचे. भाकरी, वांग्याची भाजी, वरून ताक. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नाही हा नियम करणारी हीच बाई, हे दोघांपैकी एकालाच आठवत होतं. मला ते बघवायचं नाही. मी उठून उगीच स्वयंपाकघरात जायचे.

रोज साडेचारला चहा झाला की सर कॅलेंडरचं पाठकोरं पान आणि पेन त्यांच्यापुढे ठेवायचे. “सुमन, डाव तुझा आहे.” त्या पेनाकडे बघायच्या. कधी टोपण काढून लावायच्या, काढून लावायच्या. सर पंधरा मिनिटं थांबायचे. मग पान घडी घालून खिशात, त्या उजव्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार वर्षं हे चाललं. त्यांना दुसरं काहीच नको होतं. औषधाने गुण येईल ही आशा त्यांनी माझ्या आधी सोडली होती. त्यांना फक्त तिचा आणखी एक नियम हवा होता. एकच. ती पूर्ण जायच्या आत.

मी एकदा मूर्खपणा केला. म्हटलं, “सर, तुम्हाला त्यांचा स्वभाव इतका ठाऊक आहे. त्यांच्या वतीने तुम्हीच करा ना एखादा. त्यांना कुठे कळणार आहे?” इतक्या वर्षांत सर माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “कळणार नाही म्हणून तर करायचा नाही.” मग चार दिवस माझा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच आले आणि माझ्या नातवाचा बिघडलेला लॅपटॉप दोन तास खपून दुरुस्त करून गेले. माफी मागायची आणि करायची त्यांची तीच तऱ्हा होती.

शेवटची भेट झाली त्या दिवशी मी वणीहून परतले होते, देवीचा प्रसाद द्यायला गेले. साडेचार वाजत आले होते. सुमनताई दिवाणावर बसलेल्या, वेणीफणी केलेली. वेणी सरच घालायचे. सैल पडायची, पण रोज घालायचे. सरांनी मला खुर्ची दिली, चहा झाला, आणि त्यांनी पान-पेन त्यांच्यापुढे ठेवलं. “सुमन, डाव तुझा आहे.”

सुमनताईंनी पेनाकडे पाहिलंच नाही. सरांकडे पाहिलं. मग उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा करून खांद्यावरून घेतला आणि फार अदबीने विचारलं, “तुम्ही कोन शेतस?” तुम्ही कोण आहात?

तोवर त्यांचं सगळ्यांना विसरून झालं होतं. मला, भावाला, क्लासच्या पोरींना. सरांना मात्र कधी असं विचारलं नव्हतं. नाव घेत नसत, पण त्यांच्याजवळ असल्या की स्वस्थ असत. माझ्या हातातला प्रसादाचा पुडा तसाच राहिला.

“मी निकम,” सर म्हणाले.

“कोन निकम?”

“दिगंबर निकम. मुल्हेरचा.”

सुमनताईंनी विचार केला. दारी आलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं, असा तो चेहरा होता. मग म्हणाल्या, “व्हशात. बठा.” असाल, बसा. आणि पाहुण्याला पाणी आणायला आत गेल्या.

मला वाटलं आता हा माणूस कोसळेल. सर जागचे हलले नाहीत. मग त्यांनी ते पाठकोरं पान हळूच स्वतःकडे ओढलं आणि म्हणाले, “मॅडम, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार आहात. सतरावा.”

“सर, अहो…”

“तिने केला. आपला आपण केला. मी एक शब्द घातला नाही त्यात.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर त्या पेढ्यांच्या दिवसाचा आनंद. दोन्ही एकाच वेळी. मी असं माणसाचं तोंड पुन्हा पाहिलेलं नाही आणि बघायची इच्छाही नाही.

ते कॉम्प्युटरपुढे बसले. आतून सुमनताईंची चाहूल येत होती, भांडं उघडल्याची, पुन्हा झाकल्याची. मी आत डोकावून पाहिलं, त्या ओट्यापाशी कशासाठी आलो हे आठवत उभ्या होत्या. मी ग्लास त्यांच्या हाताशी सरकवून ठेवला आणि बाहेर आले. तोवर सरांचं काम झालंही होतं, छोटंसंच होतं. आडमुठी सुरू केली की आधी विचारणार, ‘तुम्ही कोण?’ आणि काहीही उत्तर द्या, म्हणणार, ‘असाल. बसा.’ पुढे काही नाही. पुन्हा ‘तुम्ही कोण?’

सरांनी करून पाहिलं. स्वतःचं नाव लिहिलं. ‘असाल. बसा.’ गावाचं नाव लिहिलं. ‘असाल. बसा.’ मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, ‘तुझा नवरा’ असं लिहिलं. ‘असाल. बसा.’

“सर, आता यात काहीच चालणार नाही,” मी म्हटलं. “तो पाढा, ती मापं, सगळं आत अडकलं.”

“अडकलं.”

माझं गणिती डोकं अशा वेळी गप्प बसत नाही. “पण आता डाव तुमचा आहे ना? सतरावा काढायची गरजच नाही. अठरावा करा. अमुक उत्तर दिलं तर आत सोडायचं, एवढा एक नियम. नियमातच बसतं.”

“बसतं,” सर म्हणाले. त्यांनी माझ्याही आधी हा विचार केलेला होता, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. “पण मॅडम, मी अठरावा केला की डाव पुन्हा तिच्यावर जाणार. पुन्हा रोज साडेचारला तिच्यापुढे पेन ठेवायचं. पुन्हा तिने त्याच्याकडे बघत बसायचं. चार वर्षं खूप झालं तेवढं. आता डाव माझ्याकडे राहू दे. तिच्याकडे कुणाचं काही मागणं नको.”

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि वरून सुमनताईंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलं.

दीड महिन्यानंतर मी चांदवडला भाचीच्या लग्नात होते, तेव्हा फोन आला. सर झोपेतच गेले. सुमनताई आता सटाण्याला भावाकडे असतात. बऱ्या आहेत म्हणतात. काय झालं हे त्यांना कळलेलं नाही, आणि ते बरंच झालं असं मी मानते.

त्या शेवटच्या भेटीच्या संध्याकाळी मी निघाले, दारात चपला घालत होते, तेव्हा सुमनताई बाहेर आल्या. ताटलीत ग्लास, वर झाकण, पाहुण्यांना द्यायचं तसं. सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. सर खुर्चीतून अर्धवट उठले, दोन्ही हातांनी ग्लास घेतला. स्वतःच्या घरात, बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोपुढे, अवघडलेल्या पाहुण्यासारखे म्हणाले, “कशाला तरास लिधा?”

“तरास कसाना?” सुमनताई म्हणाल्या. “लांबथाईन उनात व्हशात.”

“हा,” सर म्हणाले, “लांबथाईन उनू.” लांबून आलो.

आणि सगळं पाणी एका दमात प्यायले. सुमनताई रिकाम्या ग्लाससाठी हात पुढे करून उभ्या होत्या. मी दार हळूच ओढून घेतलं.